दुःखाचा पंचनामा

महाविद्यालयांत समुपदेशक नेमले जात आहेत, मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी सत्रे भरवत आहेत आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू आहे. मानसिक आघात, शोक आणि बर्नआउट यांवर उपचार होऊ शकतात, ही जाणीव जणू आपल्याच पिढीला झाली, असा समज यामुळे सहज होतो. इतिहासाचे दप्तर उलगडले की हा समज टिकत नाही. मनाच्या जखमेचा शोध माणसांना अनेकदा लागला आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो पुन्हा हरवला आहे. तो का हरवला याची कारणे अज्ञानात कमी आणि खर्चाच्या हिशेबात अधिक सापडतात. समाज आणि सत्ता दुःखाची दखल घेतात ती पंचनाम्यापुरती, आणि त्या दखलेची किंमत मोजायची वेळ आली की दखलच मागे घेतली जाते.

मराठी मुलखाला हा अनुभव नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्याचे लष्करी आणि राजकीय विवेचन अडीच शतके चालू आहे. घरोघरी उरलेल्या शोकाचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. मुलगा आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गमावलेले नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर खचून वारले. विशीही न ओलांडलेले नाना फडणीस रणातून कसेबसे निसटले, त्यांची आई त्या धामधुमीत हरवली ती कायमचीच, आणि पुढे आत्मचरित्र लिहिताना त्या पळापळीचे वर्णन त्यांना टाळता आले नाही. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही. ज्याचे प्रेत दिसले नाही, ज्याचे क्रियाकर्म मनाला पटले नाही, त्याचा शोक संपत नाही, हे त्या काळी कोणी ग्रंथात लिहिले नसेल. पण पंधरा वर्षांनी स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवणाऱ्या, रत्नागिरीच्या कैदेतून सुटलेल्या तोतयामागे कोकणात हजारो माणसे उभी राहिली, तेव्हा समाजाने तेच सिद्ध करून दाखवले. पुणे दरबाराने १७७६ मध्ये तोतयाला देहदंड देऊन राज्यापुरता प्रश्न मिटवला आणि राज्यरक्षणाच्या दृष्टीने त्याला दुसरा मार्गही नव्हता. तरीही इतकी माणसे एका अनोळखी माणसात आपला भाऊ शोधायला का निघाली, हा प्रश्न बंडाच्या कागदांत कुठेच उमटला नाही. न संपलेल्या शोकाकडे बंदोबस्ताचा विषय म्हणून पाहण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच भूमीत दोन घटना सात वर्षांच्या अंतराने घडल्या आणि त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, हजारोंच्या सह्या गोळा केल्या आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांकडून रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली. कामाने पिचलेल्या माणसावरचा पहिला उपचार विश्रांती हा आहे आणि ती विश्रांती व्यक्तीच्या मनोबलातून नव्हे तर कामाच्या अटींतून येते, हे सत्यशोधक चळवळीतल्या या कार्यकर्त्याने कोणत्याही मानसशास्त्राच्या आधाराशिवाय ओळखले होते. त्यानंतर १८९६ मध्ये प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात सोल्जरांनी घरांची झडती घेतली, आजाऱ्यांना कुटुंबापासून तोडून छावण्यांत नेले. त्या संतापातून २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अवघ्या काही पानांच्या त्या कायद्यात प्रवाशांची तपासणी, विलगीकरण, शिक्षा आणि अधिकाऱ्यांना संरक्षण आहे; मागे राहिलेल्यांचा उल्लेख नाही. रविवारची सुट्टी आणि साथरोग कायदा हे दोन्ही वारसे आपल्याकडे आजपर्यंत चालत आले आहेत. त्यांपैकी आपण कोणता जपला, हे पुढे दिसेलच.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न युरोपपुढे अशा आकारात उभा केला की तो नाकारणे अशक्य झाले. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक'वर लिहिले. शरीराला जखम नसलेले सैनिक थरथरत होते, मुके होत होते, आंधळे होत होते. त्याच काळात मेसोपोटेमियात कुत येथे वेढली गेलेली सहावी पुणे डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. सुमारे तेरा हजार युद्धकैद्यांत मराठा पलटणींचे शिपाई होते, अनेक जण वाळवंटातल्या चालीत आणि कैदेत मेले आणि जे परतले त्यांच्या मनात काय उरले याची विचारपूस करणारी यंत्रणा साताऱ्यात किंवा रत्नागिरीत नव्हती. ब्रिटिश लष्कराने मात्र एक वर्गवारी केली. तोफगोळ्याच्या प्रत्यक्ष स्फोटाने बिघडलेला सैनिक 'जखमी', म्हणून मानाचा आणि निवृत्तिवेतनाचा धनी. स्फोटाशिवाय खचलेला तो केवळ 'आजारी'. माणूस दोन्हीकडे तोच होता, थरथर तीच होती. फरक होता तो तिजोरीवर पडणाऱ्या भाराचा.

युद्ध संपल्यावर हजारो माजी सैनिकांना मज्जाविकाराच्या नावाखाली निवृत्तिवेतन द्यावे लागले, तेव्हा ब्रिटिश युद्धखात्याने नेमलेल्या लॉर्ड साउथबरो समितीने १९२२ मध्ये 'शेल शॉक' ही संज्ञाच वापरातून काढून टाकण्याची शिफारस केली. १९२६ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च विमा कार्यालयाने अशा मनोविकारांची भरपाईच नाकारली; भरपाईच्या इच्छेनेच हा विकार जडतो, असा तर्क त्यामागे होता. दहा वर्षांपूर्वी आघाडीवर मिळालेले ज्ञान असे शांतताकाळच्या अंदाजपत्रकात विरून गेले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर तेच धडे नव्या डॉक्टरांना नव्या मृतांच्या साक्षीने पुन्हा गिरवावे लागले. बॉस्टनमधल्या एका नाइट क्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागून ४९२ माणसे दगावली. वाचलेल्यांची आणि आप्तांची शुश्रूषा करताना एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले की तीव्र शोकाला स्वतःची वाटचाल असते आणि ती दडपली तर तो उशिरा, रूप बदलून परततो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९५२ च्या विकार-सूचीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला जागा मिळाली आणि १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती गळाली, तेही व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात असताना. परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे रेटा लावला, तेव्हा १९८० मध्ये 'पीटीएसडी' (आघातोत्तर ताणविकार) हे निदान अधिकृत झाले. थोडक्यात, ज्या शहाणपणाला विज्ञानाची प्रगती म्हटले जाते त्याचा बराचसा भाग आठवणीसाठी केलेल्या चळवळीतून आलेला आहे.

स्वतंत्र होऊ घातलेल्या भारतात भोर समितीने १९४६ मध्ये नोंदवले की इंग्लंडमध्ये मनोरुग्णांसाठी सुमारे तीनशे लोकसंख्येमागे एक खाट आहे आणि येथे चाळीस हजारांमागे एक. पुढच्याच वर्षी फाळणीने लक्षावधी माणसे उखडली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसवले गेले, त्यातून उल्हासनगर उभे राहिले आणि त्या समाजाच्या उद्यमशीलतेचे कौतुक आजही केले जाते. पण पुनर्वसनाचा हिशेब बराक, शिधा, कर्ज आणि दावे यांतच मांडला गेला, आणि जो माणूस कामाला लागला तो बरा झाला, असे गृहीत धरले गेले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम यायला १९८२ साल उजाडले. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्यात उद्ध्वस्त झालेल्या लालबाग-परळच्या घरांची कथा नाटक-सिनेमांनी सांगितली, आरोग्य खात्याने नाही. देशाच्या राजधानीत मनःस्वास्थ्याचा आराखडा आणि गिरणगावात मोडून पडणारी माणसे, एकाच वर्षाच्या या दोन नोंदी परस्परांना कधी भेटल्या नाहीत.

आपत्तींनी मात्र दरवाजे थोडे किलकिले केले. १९८४ च्या डिसेंबरातील भोपाळच्या वायुकांडानंतर सुरुवातीच्या वैद्यकीय मदतीत मानसोपचाराला स्थान नव्हते. काही आठवडे उलटल्यावर तज्ज्ञांनी पाहणी केली आणि स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मनोविकार ओळखण्याचे प्रशिक्षण देण्याचा मार्ग निघाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी आणि आसपासची गावे भुईसपाट होऊन सुमारे दहा हजार माणसे गाडली गेली, तेव्हा मराठवाड्यात मानसोपचारतज्ज्ञ गावोगाव गेले, हे नवेच होते. पण घरे बांधून झाली, नव्या गावठाणांच्या कोनशिला बसल्या, आणि मनाचे काम पथकांबरोबर परत गेले. तेथे जे साध्य झाले ते कायमच्या जिल्हा व्यवस्थेत मुरले असते, तर पुढच्या दशकात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांना सामोरे जाताना राज्याचे हात इतके रिकामे नसते.

त्या आत्महत्यांच्या बाबतीत प्रशासनाने जे साधन वापरले ते महायुद्धातल्या वर्गवारीची आठवण करून देणारे होते. 'पात्र' आत्महत्या आणि 'अपात्र' आत्महत्या. मृताच्या नावावर जमीन हवी, मान्यताप्राप्त संस्थेचे थकीत कर्ज हवे, वसुलीचा तगादा हवा. तरच कुटुंबाला एक लाख रुपये. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल किंवा कर्ज सावकाराचे असेल तर त्या घरातली विधवा अपात्र. मदतीला निकष असणे अपरिहार्य आहे आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. दोष आहे तो एकाच कागदावर दोन निर्णय उरकण्यात. पैसे कोणाला द्यायचे हे ठरवताना कोणाचे दुःख खरे तेही ठरून जाते आणि फाइल बंद झाली की त्या घरी पुन्हा कोणी फिरकत नाही. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत मानसिक आधारासाठी 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला. तोवर एक अख्खी पिढी त्या यादीतून गेली होती.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या बंदोबस्तासाठी १८९७ चाच कायदा बाहेर काढण्यात आला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले देह, आप्तांविना झालेले अंत्यसंस्कार, सुतकाच्या दिवसांत दाराशी न येऊ शकलेले शेजारी. शोकाला वाट देणारी जी सामाजिक रीत पिढ्यांनी घडवली होती ती साथीच्या धास्तीने स्थगित झाली. संसर्ग रोखण्यासाठी ते आवश्यक होते, असे म्हणता येईल. पण साथ ओसरल्यावर त्या स्थगित शोकाचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही निर्बंध-शिथिलीकरणाच्या आदेशात नव्हता. पानिपतानंतरच्या घरांप्रमाणे याही घरांत अखेरचे दर्शन झालेले नव्हते.

बर्नआउटची गोष्टही याच सूत्रात ओवलेली आहे. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये ही अवस्था वर्णिली ती न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात जीव तोडून काम करणाऱ्या सेवकांना पाहून. म्हणजे ती मुळात दुसऱ्यांची काळजी वाहणाऱ्यांची व्यथा होती, जशी कोविडकाळात तुटपुंज्या मानधनावर दारोदार फिरलेल्या आपल्या आशा सेविकांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणातही बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा तो परिणाम मानला आहे. असे असताना उपचार मात्र बहुधा व्यक्तीवर होतो: श्वसनाचे धडे, सजगतेचे ॲप, समुपदेशकाची एक भेट. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १० तासांवर आणि कारखान्यांतील ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याच्या मर्यादेचा आणि अतिकालिक भत्त्याचा दाखला दिला जातो, गुंतवणुकीची निकडही सांगितली जाते. हे युक्तिवाद बिनबुडाचे नाहीत. पण गिरणीमालकांचे युक्तिवादही बिनबुडाचे नव्हते. लोखंड्यांच्या राज्यात तास वाढवून समुपदेशक नेमणे म्हणजे दुखण्याचे कारण मंजूर करून औषधाची पावती घेणे होय.

काय केल्याने भागते, हे मुळीच गूढ नाही. एकाच बैठकीत आघात 'मोकळा' करवून घेण्याचे प्रयोग फसले आहेत. जवळचा, टिकणारा, पुन्हा पुन्हा भेटणारा आधार लागू पडतो. गोव्यात 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून उभे केले आणि नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आहे. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत नेहमी आढळणाऱ्या मनोविकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराबाहेर होते, आणि त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच.

म्हणून यापुढच्या धोरणाची परीक्षा शिबिरांच्या संख्येवर होऊ नये. आपत्तीनंतर तिसऱ्या वर्षीही तीच ओळखीची आरोग्यसेविका त्याच दारात जाते का, आणि भरपाईची फाइल मंजूर असो वा नामंजूर, त्या दाराची वाट उघडी राहते का, हे पाहावे. कामाचे तास ठरवणाऱ्या खात्याला मनःस्वास्थ्याच्या परिणामांचे उत्तर द्यावे लागते का, हेही पाहावे. यांपैकी कशासाठीही नवे ज्ञान लागत नाही, लागतो तो साध्या, आपत्तीविरहित वर्षांतला कायमचा खर्च, आणि नेमका तोच दर वेळी आधी कापला गेला आहे. पुढची आपत्ती कुठे आणि केव्हा येईल हे कोणाला सांगता येणार नाही; पण ती आल्यावर कोणते परिपत्रक निघेल आणि ते किती महिन्यांनी बासनात जाईल, हे मात्र गेल्या सव्वाशे वर्षांच्या दप्तरावरून आजच लिहून ठेवता येईल.