जेवणानंतरची संस्कृती

ब्रह्मपुत्रेवर प्रवासी नौका रात्री चालत नाहीत. थंडीत पाणी ओसरते, वाळूचे पट्टे जागा बदलतात आणि काल होती ती वाट आज तिथेच सापडेल याची खात्री जुन्या तांडेलालाही नसते. तिकडे सूर्य पाचच्या आत मावळतो. मग नौका एखाद्या वाळवंटाला दोर टाकून उभी राहते. वीस-पंचवीस प्रवासी, समोर काळोख आणि झोपायला चार-पाच तास! या तासांत पाहुण्यांना काय द्यायचे, हा छोट्या नौकांच्या धंद्यातला खरा प्रश्न. त्याचे उत्तर ठरलेले असते: जेवण आणि सांस्कृतिक कार्यक्रम.

गेल्या जानेवारीत आम्ही उभयतांनी असा प्रवास केला. पहिल्या संध्याकाळी वाळूवर शेकोटी पेटली. ढोल वाजला, म्हशीच्या शिंगाचा पेपा वाजला आणि मेखला-चादर नेसलेल्या आठ मुलींनी बिहू नाच केला. फार छान केला. बरोबर चाळीस मिनिटांनी घंटा झाली आणि आम्ही जेवायला बसलो. टोमॅटो सूप, पनीर, नूडल्स. केळीच्या राखेच्या क्षारातला ‘खार’, माशाचे आंबट ‘तेंगा’, जोहा तांदळाचा सुवासिक भात यांतले काहीच नव्हते.

आता गंमत पाहा. आसामात बिहू तीन. नाचाचा बिहू एप्रिलमधला, नव्या वर्षाचा आणि पेरणीच्या तोंडाचा. जानेवारीतला माघ बिहू खाण्याचा. त्याचे दुसरे नावच भोगाली. आदल्या रात्री शेतात बांबू-गवताची खोपटी बांधून सामुदायिक जेवण, पहाटे मेजीची होळी आणि तिळाचे पिठे. म्हणजे आपल्या संक्रांतीचा सख्खा भाऊच. त्या भोगालीच्या दिवसांत आम्हाला एप्रिलचा नाच मिळाला आणि ताटात नूडल्स!

नावे ठेवणे सोपे आहे. म्हणून मी ढोलवाल्याला गाठले. तो हिंदीत म्हणाला, “दादा, पर्यटक थंडीत येतात, मग बिहूलाही थंडीतच यावे लागते. पावसाळ्यात नदी आमची शेते गिळते. या पैशांत मुलींची कॉलेजची फी भरते. पण लोक घड्याळाकडे बघत नाच बघतात ना, तेव्हा वाईट वाटते.” आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासल्या, यातली जमा बाजू मला नाकारता येत नाही. नावेची बाजूही अशीच असते.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ दिब्रुगढकडे निघाली. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, १८ खोल्या, ३६ प्रवासी. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले; पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची आहे. धक्के, टर्मिनल यांची चर्चा होते. संध्याकाळची मात्र कुणीच करीत नाही.

ती न केल्यास काय होते, हे पणजीला मांडवीवर तासाभराच्या फेरीत दिसते. तिथे देखणी सादर होते. पैलतीरी नेण्यासाठी नावाड्याची मनधरणी करणारी ती नर्तकी, आणि तीही चालत्या नावेत! याहून योग्य रंगमंच कोणता? पण तिची चाल ऐकून प्रवाशांना १९७३ चा ‘बॉबी’ आठवतो आणि पाच मिनिटांत हिंदी गाण्यांवर सारे नाचू लागतात.

दुसरी वाटही आहे. पुढे नौका माजुली बेटाला लागली. तिथल्या सत्रांत, म्हणजे शंकरदेवांच्या परंपरेतल्या वैष्णव मठांत, भाओना नाटके होतात. आम्ही गेलो तर नामघर गावकऱ्यांनी भरलेले. आम्हाला खुर्च्या नाहीत, खास प्रयोग नाही. दीड तासाने आम्ही उठलो. नाटक चालूच राहिले. लहानपणी कोकणात देवळाच्या मांडवात दशावतार बघता बघता झोपी जायचो, त्याची आठवण झाली. तिथे कलेला आमची गरज नव्हती, म्हणूनच आम्हाला ती खरी भेटली.

परतलो तेव्हा खालच्या मजल्यावर खलाशी तेंगा-भात जेवत होते. “हे आम्हाला का नाही?” सौभाग्यवतींनी विचारले. आचारी ओशाळला. “पाहुण्यांना चालणार नाही, असे ऑफिस म्हणते.” दुसऱ्या दिवशी सर्वांच्या ताटात तेंगा आले. एकही वाटी उरली नाही.

उद्या अशा नौका विजयदुर्ग-मालवणलाही येतील. त्यांना चाळीस मिनिटांचा दशावतार विकायचा, की पाहुण्यांना जत्रेत नेऊन बसवायचे? आणि नंतर जेवायला काय वाढायचे? ठरवायची वेळ धक्का बांधून झाल्यावरची नव्हे, आत्ताची आहे.