राजनापूरच्या मूर्तींच्या भेटीला



दिवाळीची खरेदी असो वा लग्नसराईची, अमरावती-अकोल्याच्या व्यापारी घराचे पाऊल नागपूरच्या इतवारीत किंवा गांधीबागेत पडल्यावाचून राहत नाही. वडीलधारी मंडळी गादीवर बसून माल पाहतात, भाव ठरवतात आणि सोबत आलेली मुले कंटाळून मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. त्याच शहरात, सिव्हिल लाइन्स भागात, आपल्याच वऱ्हाडच्या मातीतून निघालेल्या प्राचीन जिनप्रतिमा जतन केलेल्या आहेत, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? पुढच्या फेरीत अर्धा दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवावा, एवढीच या महिन्याची विनंती.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोक त्याला आजही ‘अजब बंगला’ म्हणतात. या नावामुळे तेथे भुसा भरलेले वाघ आणि जुनी शस्त्रे यांपलीकडे काही नसावे, असा आपला समज होतो. वस्तुतः तेथील एक मोलाचा ठेवा आपल्या दारातून गेलेला आहे. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातील राजनापूर खिनखिनी या गावी जैन धातुमूर्तींचा एक संचय सापडला आणि तो या संग्रहालयात आला. अभ्यासक या मूर्तींचा काळ साधारण हजार वर्षांपूर्वीचा, आणि काहींचा त्याहूनही आधीचा मानतात. अकोल्याहून नागपूरला जाणारी आपली गाडी मूर्तिजापूर स्थानकावर थांबते, आपण चहा घेतो आणि पुढे निघतो. या परिसरात कधीकाळी जिनपूजेचा घंटानाद होत असेल, हा विचार आपल्या मनाला शिवतही नाही.

मूर्ती जमिनीत का जातात, असे मुले हमखास विचारतील. संकटाच्या काळी श्रावक प्रतिमा भूमिगत करून ठेवीत. पुढे ठेवणारे राहत नसत आणि जागा विस्मरणात जाई. बडोद्याजवळ अकोटा येथे १९५१ साली अशाच ६८ जैन धातुमूर्ती निघाल्या. त्या आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडच्या वस्तू नागपूरला का, याचेही कारण सांगता येईल. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांतास जोडला गेला आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. शिवाय भूमीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, असा १८७८ चा कायदा होता.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. संग्रहालय साधारणपणे सोमवारी बंद असते. साप्ताहिक सुट्टी म्हणून सोमवारीच नागपूर गाठणाऱ्या दुकानदारांनी हे ध्यानी ठेवावे. दालनांची मांडणी वेळोवेळी बदलते, म्हणून आधी दूरध्वनी करून वेळ विचारावी आणि राजनापूरच्या जैन मूर्ती सध्या पाहावयास मिळतील का, हेही विचारून घ्यावे. अमरावतीकरांना अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. नवकारशी करून निघाल्यास साडेदहा-अकराच्या सुमारास पोहोचता येते. दोन-अडीच तास संग्रहालयात, नंतर सोबतच्या डब्यातील दशम्या-खाकरे, आणि दोनच्या आत परतीचा प्रवास, असा बेत ठेवला तर हिवाळ्यातही चौविहाराची वेळ घरी सांभाळता येते. अकोल्याच्या कुटुंबांस अंतर अधिक आहे. त्यांनी खरेदीच्या मुक्कामातील एक सकाळ यासाठी राखावी. पाणी गाळून, उकळून सोबत घ्यावे.

सर्व दालने पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. शंभर वस्तूंवरून नजर फिरवण्यापेक्षा पाच वस्तूंपुढे पाच-पाच मिनिटे उभे राहणे हितकर. प्रथम, मुले ताजीतवानी असतानाच, जैन मूर्तींकडे जावे. घरून निघण्यापूर्वी चार गोष्टी मुलांस सांगून ठेवाव्यात. ऋषभदेवांचे लांछन वृषभ, शांतिनाथांचे मृग, नेमिनाथांचे शंख, महावीरांचे सिंह, हे पाठशाळेत शिकवलेले असते. परंतु जुन्या मूर्तींवर लांछन पुष्कळदा नसते. तेथे ऋषभदेव खांद्यावर रुळणाऱ्या केसांच्या बटांवरून आणि पार्श्वनाथ मस्तकावरील नागफणांवरून ओळखावे लागतात. मूर्ती पद्मासनात आहे की कायोत्सर्ग मुद्रेत? छातीवर श्रीवत्स आहे का? बाजूस यक्ष-यक्षी आहेत का? मांडीवर बालक आणि हाती आम्रडहाळी असलेली अंबिका कुठे दिसते का? इतके प्रश्न हाती दिले की मुले आपोआप काचेला नाक लावून उभी राहतात. त्यांस एक वही द्यावी आणि एका मूर्तीचे चित्र काढण्यास सांगावे.

येथे वंदन करावे की नाही, असा प्रश्न काही ज्येष्ठ विचारतात. मूर्तीस स्पर्श, अक्षता, फुले यांस तेथे स्थान नाही. तो संग्रहालयाचा नियम आहे आणि वस्तूच्या रक्षणासाठी तो योग्यही आहे. मनोमन नवकार मंत्र म्हणण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही. माझ्या सासूबाई तेथे पदर सावरून, हात जोडून बराच वेळ निश्चल उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “कुणाच्या तरी घरचे देव आहेत गं हे. घर राहिलं नाही, देव राहिले.”

त्यानंतर शिलालेखांपाशी थांबावे. माळव्याच्या परमार राजांचा, विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इ. स. ११०४-०५ चा प्रसिद्ध शिलालेख याच संग्रहालयाच्या नावाने इतिहासग्रंथांत ओळखला जातो. मुलांना अक्षरे वाचता आली नाहीत तरी चालेल. नऊ शतकांपूर्वीची देवनागरी आपल्या लिपीच्या किती जवळची आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. वेळ उरल्यास बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० साली सापडलेल्या ताम्रवस्तूंची चौकशी करावी. तेथे तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एकत्र मिळाले होते. त्यांतील काही वस्तू नागपुरास आल्या. भांड्यांच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या घरांना त्या तांब्याची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

इथवर भेट झाली. पण हा लेख लिहावासा वाटला तो परत आल्यानंतरच्या एका प्रसंगामुळे.

आमच्या घरी पितळेची एक लहान पंचतीर्थी आहे. पणजेसासऱ्यांच्याही आधीपासूनची. नागपूरच्या मूर्ती पाहताना मार्गदर्शकाने सांगितले होते की अशा प्रतिमांच्या पाठीवर बहुधा लेख असतो. त्यात संवत, तिथी, मूर्ती करविणाऱ्या श्रावकाचे नाव, कुटुंब, कधी गाव आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरलेले असते. आपल्या रोजकीर्दीतील नोंदीसारखेच ते: कधी, कोणी, कोणासाठी. घरी येऊन मोठ्या उत्सुकतेने आमची प्रतिमा फिरवून पाहिली. संवतातील दोन अंक दिसले, पुढे ‘श्रे’ एवढे अक्षर आणि त्यानंतर गुळगुळीत पितळ. सासूबाईंनी, त्यांच्या सासूबाईंनी, आणि गेली वीस वर्षे मीही, भक्तिभावाने चिंच आणि राख लावून ती घासली होती. आमच्या घराचा जो मूळ पुरुष असावा, त्याचे नाव आम्हीच पुसून टाकले होते.

त्या दिवशी उमगले की संग्रहालयाच्या काचेआड जे टिकले, ते आपल्या देव्हाऱ्यात दररोज थोडे थोडे झिजत आहे. जिनप्रतिमेची शुद्धी हा आपला आचार आहे आणि तो सुटू नये. परंतु शुद्धीसाठी शुद्ध पाणी व मऊ वस्त्र पुरेसे आहे. लेखाच्या बाजूस खरखरीत कुंची, आम्ल अथवा बाजारातील चकाकी आणणारी पूड लावू नये. नोंद मात्र आजच करावी. मूर्तीची उंची, पुढची-मागची छायाचित्रे आणि तिरप्या प्रकाशात टिपलेला लेख एका वहीत उतरवून ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची सरकारी नोंदणीही आवश्यक असते. ती केल्याने मूर्ती आपल्याकडून जात नाही. उलट चोरी झाल्यास ती आपली आहे हे सिद्ध करण्यास तोच आधार ठरतो.

नोंदीने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच कारंजात आहे. तेथील शास्त्रभांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत झाली. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी महाकवी पुष्पदंतांचे ‘णायकुमारचरिउ’ संपादित केले आणि १९३३ साली ते कारंजाहून प्रसिद्ध झाले. एरवी बासनात बांधलेली अपभ्रंश भाषेतील ही संपदा अशा रीतीने जगभरच्या विद्वानांपर्यंत पोहोचली.

हिशेबाची वही चोख ठेवणे हे आपल्या समाजाचे भूषण मानले जाते. दुकानातील पैशापैशाची नोंद आपण ठेवतो. देव्हाऱ्यातील ठेव्याची नोंद किती घरांत आहे? नागपूरच्या अर्ध्या दिवसाने मुलांना मूर्ती वाचता येऊ लागतील. मग घरची मूर्ती त्यांच्याच हाती देऊन पाठीवरचा लेख त्यांच्याकडून वाचून घ्यावा. आमची अक्षरे गेली. आपल्या घरची शाबूत असतील, तर ती या चातुर्मासापूर्वी वहीत उतरावीत.