मनुष्यऋण

वैद्यकीय संशोधन म्हटले, की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक इमारती उभ्या राहतात. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली आणि पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने जगाला परिचित झालेली संस्था, हडपसरचा लशींचा कारखाना, भोसरी येथील एड्‌सविषयक संशोधनाची संस्था, ससून रुग्णालयालगतचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, ही नावे घेताना आमचा ऊर अभिमानाने भरून येतो आणि तो तसा यावा हे योग्यच आहे. परंतु या शहराच्या संशोधनाची एक प्रयोगशाळा अशी आहे, की जिला भिंती नाहीत आणि जिच्या दारावर पाटीही नाही. नगर रस्त्यावरून कोरेगाव भीमापाशी आत वळले, की वढू बुद्रुक लागते. तेथील आणि आसपासच्या गावांतील घरांच्या ओसऱ्यांवर ही प्रयोगशाळा पसरलेली आहे. संशोधनाची फळे कोणाच्या पदरात पडली याचा हिशेब करावयाचा, तर त्याची सुरुवात या ओसरीपासून झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहेत. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यऋण. माणूस जन्मास येतो तोच इतर माणसांचा ऋणको म्हणून, असा त्याचा आशय. आधुनिक वैद्यकाच्या शिरावर हे ऋण जेवढे आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या विद्येच्या शिरावर असेल. औषधाची कोणतीही पुडी घ्या. ती आपल्या हाती येण्यापूर्वी कोणा अनोळखी माणसांनी आपला दंड सुईपुढे केलेला असतो, आपले मूल तपासनिसाच्या तराजूत ठेवलेले असते, वर्षानुवर्षे त्याच त्या प्रश्नांची न कंटाळता उत्तरे दिलेली असतात. शोधनिबंधात त्यांची नावे नसतात, केवळ संख्या असते. त्या संख्येचे आपण काय देणे लागतो?

वढूचेच उदाहरण घेऊ. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात या भागात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्याच पायावर २००२ पासून बावीस गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद सुरू झाली. अर्भकांच्या जिवावर उठणाऱ्या रोटाव्हायरसच्या जुलाबांवर देशी लस तयार झाली, तेव्हा तिची परीक्षा दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन ठिकाणी घेण्यात आली. तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ अर्भके तीत सहभागी होती आणि पुण्याच्या वाट्याचे काम वढूच्या परिसरात झाले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या विषाणूमुळे होणारे गंभीर जुलाब लशीने निम्म्याहून अधिक कमी झाले होते. २०१६ पासून रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. ज्या आयांनी आपली तान्ही मुले या परीक्षेसाठी पुढे केली, त्यांचे ऋण देशाने येथे निदान काही अंशी फेडले, असे म्हणता येईल.

याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास आरंभिला. या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा विलक्षण गोष्ट दिसून आली. आपले बाळ सरासरीने सुमारे २.७ किलो वजनाचे, तर त्यांचे सुमारे ३.५ किलोचे. परंतु वजनात एवढे उणे असलेल्या आपल्या बाळाच्या अंगावर स्नायू कमी असले, तरी त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास हडकुळे आणि आतून स्थूल, अशी ही प्रकृती. मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग, या आपल्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फॉलेट जास्त होते, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सहाव्या वर्षीच अधिक आढळली, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. त्या खेड्यांतली ती बाळे आज तिशीच्या आसपास आहेत. शेतमजुरी करून आलेल्या त्यांच्या आयांनी आपल्या ताटातले जिन्नस मोजू दिले, म्हणून मधुमेहाचे मूळ गर्भाशयापर्यंत शोधता आले. हे ज्ञान आज जगभरच्या ग्रंथांत आहे. आपल्या गल्लीतल्या प्रसूतिगृहात ते कितपत आले आहे, हे वाचकांनीच पाहावे.

ही केवळ पुण्याची गोष्ट नव्हे. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे डोळ्यांदेखत मरताना पाहिली. हे विष शरीरात अशी काही उलथापालथ करते, की रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या आकसलेल्या वाहिन्यांना सैल करील, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून ताडले, तपासले आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्या साहाय्याने जगापुढे ठेवले. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविली: वजन घेणे, ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून वेळीच औषध टोचणे. ३९ गावांत हा उपक्रम चालला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली गेली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली ही पद्धत थोड्याफार फरकाने देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामात समाविष्ट झाली. या दोन्ही ठिकाणी संशोधनाचा प्रश्न परदेशातून आलेला नव्हता. तो दारी आलेल्या रोग्याने विचारला होता, आणि उत्तर सापडताच ते प्रथम त्याच्याच उपयोगी पडले.

मात्र सर्वच हिशेब असे चुकते झालेले नाहीत. पूर्वीचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा येथे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठी परीक्षा घेतली. स्त्रियांचे चार गट होते. तीन गटांना तीन निरनिराळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या, म्हणजे तुलनागटाला अशी तपासणी देण्यात आली नाही. २००९ साली निष्कर्ष बाहेर आला. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. तुलनागटातील ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! त्या चौसष्ट स्त्रियांनी, आपण काय देत आहोत याची पुरती कल्पना नसताना, जगाला केवढे ज्ञान दिले याचा विचार मनात आला, की आम्हांस अस्वस्थ वाटते.

या तुलनागटावर पुढे कडाक्याचा वाद झाला. तपासणीचा उपयोग होतो हे ठाऊक असताना एका गटाला ती न देणे अन्यायाचे होते, असे टीकाकारांचे म्हणणे. त्या काळी या जिल्ह्यात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून कोणाचे काही हिरावून घेतले गेले नाही, आणि तुलनेवाचून सिद्धता नाही, सिद्धतेवाचून सरकार पैसा देत नाही, असे संशोधकांचे उत्तर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तुलना हा संशोधनाचा प्राण आहे, हे आम्ही मानतो. शिक्षकी पेशात असताना आम्ही मुलांना सांगत असू, की नुसते उत्तर लिहून गुण मिळत नाहीत, रीत दाखवावी लागते. वैद्यकालाही हाच नियम लागू आहे. परंतु 'सिद्धतेसाठी तुलनागट हवा' हे समर्थन एकाच अटीवर टिकते: सिद्धता हाती आल्यावर त्याप्रमाणे वागले पाहिजे. ती कागदातच राहणार असेल, तर त्या स्त्रियांनी दिले ते कशासाठी?

आणि काय घडले? मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयानेच सुमारे दीड लाख स्त्रियांवर दुसरी परीक्षा घेतली. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ व्हिनेगर लावून दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात, हे तीतून दिसले. म्हणजे स्वस्त मार्गही सिद्ध झाला. २०१६ साली तपासणीविषयी राष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशात शेकडा १.९ भरल्या. उस्मानाबादच्या निष्कर्षानंतर दहा वर्षे लोटली होती; आणि शंभरांत दोन स्त्रियाही नाहीत! या रोगावरची देशी लस आपल्याच शहरात तयार झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचे लोकार्पण झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु लस मुख्यतः मुलींच्या उपयोगाची. त्यांच्या आयांना तपासणीच हवी आणि त्या आयांच्या पिढीनेच तर ही तपासणी सिद्ध करून दिली आहे.

कायद्याकडे पाहावे, तर त्याने बरीच मजल मारली आहे हे नाकारता येत नाही. १५ जून २००९ पासून औषधांच्या प्रत्येक परीक्षेची सार्वजनिक नोंद सक्तीची झाली. २०१९ च्या नियमांनी परीक्षेत इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद केली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, परीक्षेचा लाभ सहभागी समाजाला मिळावा, हेही नमूद आहे. १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा २०२४ साली सुधारण्यात आला, तेव्हा संशोधनाचे 'विषय' हा शब्द काढून 'सहभागी' हा शब्द घालण्यात आला. शब्द बदलला हे ठीक झाले. परंतु सहभागी म्हणजे ज्याला भाग मिळतो तो, हे मराठी माणसाला कोशात पाहावे लागत नाही. भाग मिळत नसेल, तर तो सहभाग कसला?

या ऋणाची आणखी एक बाजू आहे. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत गरीब रोगी आपले शरीर विद्यार्थ्यांपुढे पुस्तकासारखे उघडून ठेवतो. त्या पुस्तकातून नवा प्रश्न किती जण काढतात? देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की त्यांपैकी ३३२ संस्थांमधून २००५ ते २०१४ या दहा वर्षांत एकही शोधनिबंध निघाला नव्हता. अर्थात निबंधांची संख्या वाढविणे हा काही यावर उपाय नव्हे. बढतीसाठी पाडलेल्या कागदांच्या भाराऱ्यांनी कोणाचा ताप उतरत नाही. बिरवाडीत बढतीचे आमिष नव्हते. समोर तडफडणारा रोगी होता. प्रश्न त्याने विचारला, आणि तो ऐकणारे कान तेथे होते, एवढेच.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. संमतिपत्र असे मराठीत लिहावे, की ते चौथी शिकलेल्या बाईने वाचले तरी तिला समजेल, आणि त्याची प्रत तिच्या घरी राहावी. अभ्यास संपल्यावर त्याचे निष्कर्ष ज्या गावात तो झाला त्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत. परदेशी नियतकालिकांत ते छापले जातातच, मग चावडीवर त्यांना मज्जाव का? जो उपाय सिद्ध होईल तो प्रथम तुलनागटाला मिळेल, असे अभ्यास सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरावे आणि त्यासाठीचा पैसा सरकारने तेव्हाच बाजूला काढून ठेवावा. पुण्याच्या महापालिकेपुरते बोलावयाचे, तर तिच्या हाती दवाखाने आहेत, प्रसूतिगृहे आहेत, स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाची तपासणी तेथे होईल आणि न येणाऱ्या स्त्रीच्या दारी कोणी जाईल, असा संकल्प तिने जाहीर करावा. नव्या शोधाची त्यासाठी गरज नाही. शोध लागून चुकला आहे.

या मागण्यांवर खर्चाची सबब पुढे येईल. ती आम्ही ऐकून घेऊ. परंतु ज्यांनी दिले, त्यांनी देताना खर्चाचा विचार केला नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. उद्या पुन्हा एखादी कार्यकर्ती वढूच्या ओसरीवर वही उघडून बसेल आणि घरातली बाई हातचे काम टाकून तिला पाणी देईल, प्रश्नांची उत्तरे देईल. जाताना ती बाई विचारील, "ताई, मागच्या वेळी लिहून नेलं होतं, त्याचं काय झालं?" या प्रश्नाचे उत्तर ज्या संशोधकापाशी आणि ज्या सरकारपाशी तयार असेल, त्यानेच तिच्या दारी पुन्हा जावे.