चकचकीत? नको रे बाबा!

छंद माणसाला कुठे नेऊन ठेवील सांगता येत नाही, बॉस! कुणी फाउंटन पेनं जमवतं, कुणी एलपी रेकॉर्ड्स. कामानिमित्त ओहायोत राहायला लागल्यापासून माझा वीकेण्ड फंडा जरा हटके झालाय. अमेरिकेतल्या जुन्या पंप-अ‍ॅक्शन .२२ रायफली ओळखणं. जमवणं नाही हं, नुसतं ओळखणं. (आपल्याकडे विचारही करू नका. १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट, लायसन्सची भानगड, त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. दोनाचं कलेक्शन कसलं, डोंबलाचं!)

हिचं तंत्र अगदी सोपं. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. रिमफायर म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या काठातच ठिणगीची दारू भरलेली, फटका त्या काठावर बसतो. आवाज कमी, गोळी स्वस्त. म्हणून अमेरिकेतल्या जत्रांत नेमबाजीच्या स्टॉलवर हीच असायची. आपल्या जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीची ही थोरली बहीण. तिथून हिचं नाव पडलं ‘गॅलरी गन’.

आमच्या टीममधल्या एकाचे आजोबा मध्यंतरी गेले. शेत विकायला निघालं आणि त्याच्या वाट्याला आली त्यांची रायफल. तपकिरी पडलेली, दस्त्यावर ओरखडे. त्याला ती लेकीसाठी नव्यासारखी करायची होती. पॉलिश, ताजं ब्लूइंग, सगळा मेकओव्हर! त्यासाठी दिवसही ठरला होता. मी म्हटलं, अरे बाबा, आधी ही आहे कोण ते तरी बघू.

पहिलं काम, ती रिकामी आहे ना ते पाहायचं. नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असते आणि तिच्यात एखादं अडकून बसू शकतं. ते झालं की चेहरा बघायचा. घोडा बाहेर दिसतोय? मग बहुतेक विंचेस्टर. घोडा आत लपलेला असेल तर रेमिंग्टनचं मॉडेल १२ असू शकतं. ते जॉन पेडरसनचं डिझाइन, १९०९ ते १९३६ मधलं. १९२१ पासून रेमिंग्टनच्या नळीवर तारखेचा सांकेतिक शिक्का असायचा. ‘ब्लॅकपावडरएक्स’ हा इंग्रजी शब्द घ्या, बारा अक्षरं, बारा महिने. बी म्हणजे जानेवारी, एक्स म्हणजे डिसेंबर. पुढचं अक्षर वर्षाचं. सॉलिड ना?

आमच्या रायफलीचा घोडा बाहेर होता आणि नळी २४ इंची, अष्टकोनी. म्हणजे विंचेस्टर १८९०, जॉन आणि मॅथ्यू या ब्राउनिंग बंधूंची करामत. १९३२ पर्यंत आठ लाखांच्या आसपास बनल्या. हिचीच स्वस्त बहीण १९०६, गोल आणि २० इंची नळीची. दोघींत खरा फरक मात्र खाण्याचा. १९०६ ला १९०८ पासून शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसं चालायला लागली. १८९० चा हट्ट एकाच काडतुसाचा, आणि ते कोणतं हे नळीवर कोरलेलं असतं. आमच्या नळीवर होतं ‘.२२ शॉर्ट’. मधल्या लोखंडी डब्यावर, म्हणजे रिसीव्हरवर, रंगीबेरंगी झाक नव्हती, जुनं निळं होतं. ती झाक १९०१ च्या आधीची, म्हणजे आमची त्यानंतरची.

आता पॉलिशचं दुखणं. पॉलिशच्या चाकाखाली अष्टकोनाच्या कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. जाणकार माणूस त्यावर नुसता अंगठा फिरवतो आणि रायफल खाली ठेवतो. किंमत सरळ निम्म्यावर येऊ शकते. पण मला किमतीपेक्षा त्या अक्षरांचं वाटतं. त्यांच्याशिवाय ही रायफल म्हणजे नुसतं जुनं लोखंड. नंबर नसला तर मात्र घाबरू नका. १९६८ च्या कायद्याआधी तिथल्या कित्येक स्वस्त .२२ वर नंबर नसायचाच. नंबर होता आणि कुणी घासून काढलाय असं दिसलं, तर लांबूनच नमस्कार.

मित्राच्या घरात दंतकथा अशी की आजोबा हिनं खारी मारायचे. मला शॉर्टचा शिक्का बघून जत्रेच्या स्टॉलचा वास आला, पण शॉर्टच्या रायफली घरोघरीही विकल्या जायच्या. शिक्क्यावरून एवढंच कळतं, पुढची गोष्ट रंगवायची नाही! वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत, १८९० च्या सुरुवातीच्या नंबरांच्याही. पठ्ठ्यानं नंबर लिहून पाठवलाय.

ब्लूइंगचा बेत त्यानं रद्द केला. फक्त तेलाचा हात फिरवला. लेक खट्टू झाली, तिला चमकणारी हवी होती. आता बापलेक दुकानं पालथी घालताहेत. लाँग रायफलच्या काडतुसांचे डबे रचलेले असतात, शॉर्टचा एक डबा मिळेल तर शपथ!