एका बोल्टचा खरा खर्च किती? युरोपच्या कार्बन करामुळे हिशोबाचा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर

१ जानेवारी २०२६ पासून युरोपियन युनियनचा ‘सीबॅम’ हा कार्बन कर पूर्णपणे लागू झाला. स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं असा माल बनवताना किती कार्बन हवेत गेला, त्यानुसार युरोपातल्या आयातदाराला पैसे भरावे लागणार. यादीत स्टीलचे नट-बोल्टही आहेत. त्यामुळे असा माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांना तिकडचा गिऱ्हाईक विचारणार, एक टन बोल्टमागे कार्बन किती?

विषय पर्यावरणाचा वाटतो, पण गाठ हिशोबाची आहे. मॅनेजमेंट अकाउंटिंगचे संशोधक कित्येक दशकं हीच गाठ सोडवतायत.

मॅनेजमेंट अकाउंटिंग म्हणजे काय?

ताळेबंद असतो बँकेसाठी, शेअरहोल्डरसाठी, सरकारसाठी. मॅनेजमेंट अकाउंटिंग हा कारखान्याचा स्वतःसाठीचा हिशोब. कोणता माल परवडतो, कोणती ऑर्डर सोडायची, हे त्यातून कळतं.

उदाहरण बघा. समजा, एका वर्कशॉपमध्ये महिन्याला ९० हजार साधे आणि १० हजार खास मापाचे बोल्ट बनतात. मशीनच्या सेटिंगचा खर्च आहे १ लाख रुपये. सरसकट वाटला तर प्रत्येक बोल्टवर १ रुपया येतो. पण २० पैकी १५ सेटिंग खास बोल्टसाठीच होतात. तसा हिशोब केला तर खास बोल्टवर साडेसात रुपये पडतात आणि साध्यावर जेमतेम २८ पैसे. खास ऑर्डरमध्ये नफा दिसतोय, पण तो खरंच आहे का?

संशोधन अडलं कुठे?

१९८७ मध्ये थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लान यांनी ‘रेलेव्हन्स लॉस्ट’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की, कंपन्या वापरतात त्या बहुतेक पद्धती १९२५ पर्यंतच तयार झाल्या होत्या. पुढे कारखाने बदलले, हिशोब तसाच राहिला. त्यानंतर वर दाखवलेली पद्धत ‘ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग’ या नावाने गाजली.

तरी एक तक्रार कायम आहे. हे संशोधन प्राध्यापक प्राध्यापकांसाठीच लिहितात. कंपन्या आपला खरा खर्च बाहेर सांगत नाहीत, आणि लहान कारखान्यांकडे तर संशोधक फारसे फिरकतच नाहीत.

आता पुढे काय?

२०२१ मध्ये कॅप्लान आणि कार्तिक रामण्णा यांनी नवी दिशा मांडली. कच्च्या मालाचा खर्च जसा पुढच्या मालाच्या किमतीत चढत जातो, तसाच कार्बनही प्रत्येक टप्प्यावर नोंदवून पुढच्याच्या खात्यात टाकायचा. बोल्टच्या बाबतीत तर हे अगदी लागू पडतं. त्यातला बराचसा कार्बन विकत घेतलेल्या स्टीलमध्येच असतो. म्हणजे स्टील मिलने आकडा दिला, तरच बोल्टवाल्याचा हिशोब पुरा होणार.

आकडा देता आला नाही तर? मग युरोप स्वतः ठरवलेला आकडा लावतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. कमी प्रदूषण करणारा कारखानाही निव्वळ नोंदी नाहीत म्हणून महाग ठरू शकतो. कर आयातदार भरणार, पण भाव पाडून मागणार तो इथल्या कारखानदाराकडेच.

भारतात २०१४ च्या नियमांनुसार ठरावीक उद्योगांतल्या मोठ्या कंपन्यांना कॉस्ट रेकॉर्ड ठेवावं लागतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यातून सूट आहे. कागदपत्रांचा ताप वाचला हे खरं, पण नोंदी ठेवायची सवयही लागली नाही.

मोठ्या कंपन्या सल्लागार नेमतील, सॉफ्टवेअर घेतील. दहा-वीस कामगारांच्या वर्कशॉपला परवडेल आणि युरोपातला तपासनीसही मान्य करेल, अशी सोपी पद्धत कोण बनवणार? संशोधकांना वर्कशॉपमध्ये जाऊन करण्यासारखं काम हेच आहे.