किल्ली चौकात, कुलूप शाबूत

टोयोटाच्या 'टी-कनेक्ट' सेवेचे संकेतस्थळ बांधणाऱ्या एका उपकंत्राटदाराने डिसेंबर 2017मध्ये कामाचा काही कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर चढवला. खाते साऱ्या जगाला खुले, आणि ग्राहकांची माहिती ठेवलेल्या सर्व्हरची किल्ली त्या कोडमध्येच लिहिलेली. कंपनीला हे कळले सप्टेंबर 2022मध्ये. तोवर 2,96,019 ग्राहकांचे ईमेल पत्ते वाऱ्यावर होते. ते कोणी नेले का? नेल्याचे नोंदींत दिसत नाही, पण नेले नाहीत असेही छातीठोकपणे सांगता येत नाही, असा कंपनीचा खुलासा. जवळजवळ पाच वर्षे दार सताड उघडे असलेल्या घराचा मालक आणखी काय सांगणार!

अशा किल्ल्यांची नेहमीची जागा म्हणजे सर्व्हरच्या मांडणीची फाइल. ती असते चार ओळींची: डेटाबेसचा पत्ता, वापरणाऱ्याचे नाव, पासवर्ड, एखादी गुप्त किल्ली. पुष्कळदा तिचे नाव 'डॉट ईएनव्ही'. नावाआधीच्या त्या टिंबामुळे ती साध्या यादीत दिसतही नाही. 'सगळे चढव' म्हटले की मात्र निमूटपणे सगळ्यांबरोबर जाते. मग कोणाच्या तरी लक्षात येते, फाइल पुसली जाते आणि मंडळी हुश्श करून चहाला जातात. पण गिटहबमागचे गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारी प्रणाली, ही चित्रगुप्ताची वही. खोडलेली ओळही तिथे जुन्या पानावर जशीच्या तशी असते. आणि अशा किल्ल्या हुंगत फिरणारे बॉट चहाला जात नाहीत.

पुढचा अंक खापर फोडण्याचा. अमेरिकेच्या सोलरविंड्स कंपनीचा 'सोलरविंड्स123' हा पासवर्ड असाच गिटहबवर सापडला होता. फेब्रुवारी 2021मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समित्यांपुढे माजी प्रमुखांनी सांगून टाकले, ती एका इंटर्नची चूक. शिकाऊ पोराच्या हातात हा पासवर्ड कोणी दिला आणि तो चालू कसा राहू दिला, हे प्रश्न अर्थातच शिकाऊ पोरानेच सोडवायचे!

टोयोटाने निदान खापर फोडण्याआधी कोड झाकला, तो 15 सप्टेंबर 2022ला. सर्व्हरची किल्ली बदलली 17 तारखेला.