फ्राइड चिकनच्या साखळ्या: चवीपलीकडच्या दर्जाचा प्रश्न

पाश्चात्त्य पद्धतीने तळलेल्या कोंबडीची, अर्थात फ्राइड चिकनची, पहिली मोठी साखळी भारतात आली त्याला तीन दशके उलटून गेली आहेत. सुरुवातीला दोन-तीन महानगरांपुरती मर्यादित असलेली ही दुकाने आता मध्यम शहरांपर्यंत पोहोचली असून नव्या स्पर्धकांच्या आगमनाने ग्राहकाला निवडीची संधी मिळाली आहे. या साखळ्यांची तुलना मात्र बहुधा चव, कुरकुरीतपणा आणि किंमत या तीन निकषांवरच होते. दर्जाचे खरे निकष वेगळे आहेत. पक्षी कसा वाढवला, तेल किती वेळा वापरले आणि तळलेला तुकडा किती वेळ ठेवला, यांवर तो ठरतो. नेमकी हीच माहिती ग्राहकासमोर येत नाही.

बंगळुरूतील सुरुवात

केंटकी फ्राइड चिकन अर्थात 'केएफसी'चे भारतातील पहिले दुकान जून १९९५ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडले. आर्थिक उदारीकरणानंतरचा तो काळ होता. प्राध्यापक एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या नेतृत्वाखालील कर्नाटक राज्य रयत संघाने या दुकानाला तीव्र विरोध केला. त्याच वर्षी बंगळुरू महापालिकेने पदार्थांतील अजिनोमोटोचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचे कारण देऊन दुकान बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि दुकान सुरू राहिले. जानेवारी १९९६ मध्ये आंदोलकांनी या दुकानाची मोडतोड केली.

त्या आंदोलनातील राजकारण बाजूला ठेवले तरी त्यातून उपस्थित झालेला एक प्रश्न महत्त्वाचा होता. बाहेरून आलेल्या या पदार्थात नेमके काय असते आणि ते तपासण्याची यंत्रणा देशात आहे काय? पुढे २००६ मध्ये अन्नसुरक्षा व मानके कायदा संमत झाला आणि त्यानुसार भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले. विरोधाची धार ओसरली, व्यवसाय वाढला. केएफसीची भारतातील दुकाने चालवणाऱ्या देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स या दोन कंपन्या २०२१ मध्ये शेअर बाजारात आल्या. आज देशातील केएफसीच्या दुकानांची संख्या एक हजाराहून अधिक आहे. जानेवारी २०२२ मध्ये ज्युबिलंट फूडवर्क्स या कंपनीने 'पॉपाइज' ही अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील साखळी बंगळुरूमध्येच आणली आणि स्पर्धेला नवे वळण मिळाले.

चवीतील फरक कशामुळे?

या साखळ्यांच्या चवीत फरक आहे, हे खरे आहे आणि त्याला तांत्रिक कारणे आहेत. केएफसीचे संस्थापक हारलँड सँडर्स यांनी केंटकी राज्यातील कॉर्बिन येथे १९३०च्या दशकाच्या अखेरीस प्रेशर कुकरमध्ये कोंबडी तळण्याची पद्धत विकसित केली. बंद भांड्यातील दाबामुळे मांसातील पाण्याची वाफ सहजासहजी होत नाही. परिणामी मांस लवकर शिजते आणि आतून ओलसर राहते, मात्र आवरण काहीसे मऊ होते. उघड्या कढईत तळताना वाफ बाहेर निघून जाते, त्यामुळे वेळ अधिक लागतो, पण आवरण कोरडे व खुसखुशीत होते. पॉपाइजचा भर बारा तास मसाल्यात मुरवलेल्या मांसावर आणि लुइझियानाच्या केजन पद्धतीच्या तिखटपणावर आहे. कोरियन पद्धतीत तुकडे दोनदा तळले जातात, म्हणून वरून सॉस लावल्यावरही त्यांचा कुरकुरीतपणा टिकतो.

तथापि ग्राहकाच्या ताटातील तुकड्याची गुणवत्ता केवळ पाककृतीवर ठरत नाही. तळलेला तुकडा विकला जाईपर्यंत उष्ण कपाटात ठेवला जातो. त्या काळात आतील वाफ आवरण मऊ करते आणि मांस कोरडे पडत जाते. प्रत्येक साखळीने यासाठी कमाल मुदत ठरवलेली असते आणि मुदत उलटलेला माल फेकून देणे अपेक्षित असते. गर्दीच्या दुकानात कपाटातील माल लवकर संपतो, तर मंद विक्रीच्या दुकानात तो मुदतीच्या काठापर्यंत राहतो. म्हणूनच एकाच साखळीच्या दोन दुकानांतील फरक हा अनेकदा दोन साखळ्यांमधील फरकापेक्षा मोठा असतो. 'कोणती साखळी चांगली' याऐवजी 'कोणते दुकान चांगले' हा प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतो.

तेलाची परीक्षा

दर्जाचा दुसरा निकष तेल हा आहे. तेच तेल वारंवार तापवल्यास त्याचे विघटन होते. मांसातील पाणी, मीठ आणि आवरणाचा गळून पडलेला चुरा यांमुळे ही प्रक्रिया अधिक वेगाने घडते. विघटनातून तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. ज्या व्यावसायिकांचा तळण्यासाठीचा तेलाचा वापर दिवसाला ५० लिटरहून अधिक आहे, त्यांना मार्च २०१९ पासून तेलाच्या वापराच्या आणि विल्हेवाटीच्या नोंदी ठेवणे बंधनकारक करण्यात आले. ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. नियमांच्या पातळीवर ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. तमिळनाडूतील तुतुकुडी येथे २०२४ मध्ये एका नामांकित साखळीच्या दुकानाचा परवाना अन्नसुरक्षा विभागाने तात्पुरता निलंबित केला. वापरलेले तेल स्वच्छ करण्यासाठी मॅग्नेशियम सिलिकेटचा वापर होत असल्याचा विभागाचा आक्षेप होता. या वापराला मान्यता असल्याची भूमिका कंपनीने घेतली आणि पुढे मद्रास उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. या वादात कोणाची बाजू बरोबर, यापेक्षा त्यातून दिसलेली वस्तुस्थिती बोलकी आहे. गाळलेले तेल स्वच्छ दिसते, परंतु रंग हा दर्जाचा पुरावा नव्हे. ध्रुवीय संयुगांचे प्रमाण हातात मावणाऱ्या साध्या उपकरणाने काही क्षणांत मोजता येते. ते मोजमाप दुकानात झाले तरी त्याचा आकडा ग्राहकाला कोठेही दिसत नाही.

पक्षी आणि प्रतिजैविके

तिसरा निकष स्वतः पक्ष्याचा आहे. भारतातील संघटित कुक्कुटपालनाच्या वाढीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. सुधारित जाती, संतुलित खाद्य आणि करार पद्धतीचे संगोपन यांमुळे ब्रॉयलर पक्षी साधारण सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होऊ लागला. स्वस्त प्रथिनांचा हा स्रोत सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आला, ही या क्रांतीची जमेची बाजू आहे.

तिची दुसरी बाजू प्रतिजैविकांची आहे. दाटीवाटीने वाढणाऱ्या पक्ष्यांमध्ये रोग पसरू नये आणि वजन लवकर वाढावे, यासाठी प्रतिजैविकांचा सरसकट वापर होत आल्याची टीका होत असते. दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले असता ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले. माणसांच्या गंभीर संसर्गांवर अखेरचा उपाय मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनच्या पशुखाद्यातील वापरावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. या औषधांना दाद न देणारे जंतू निर्माण झाले, तर त्याची किंमत कोंबडी कधीही न खाणाऱ्या रुग्णालाही मोजावी लागते. म्हणूनच हा केवळ खवय्यांचा प्रश्न राहत नाही.

याबाबत बहुराष्ट्रीय साखळ्यांच्या धोरणात देशागणिक फरक दिसून आला आहे. अमेरिकेत केएफसीने २०१७ मध्ये मानवी उपचारांत महत्त्वाच्या असलेल्या प्रतिजैविकांवर वाढवलेली कोंबडी २०१८ च्या अखेरपर्यंत वापरातून काढण्याची घोषणा केली. भारतात मात्र परदेशी साखळ्या अशी कालबद्ध हमी देत नसल्याकडे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने त्याच वर्षी लक्ष वेधले होते. अशी हमी कायमची असतेच असेही नाही. अमेरिकेतील चिक-फिल-ए या साखळीने प्रतिजैविकांचा अजिबात वापर नसलेल्या कोंबडीचे आपले धोरण २०२४ मध्ये शिथिल केले आणि त्यासाठी पुरवठ्याची अडचण पुढे केली. स्वेच्छेने दिलेली वचने स्वेच्छेने मागेही घेता येतात, हा यातील धडा आहे.

मिठाचे गणित

दर्जा देशागणिक कसा बदलतो, याचे आणखी एक उदाहरण मिठाचे आहे. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २०१२ मध्ये सहा देशांतील फास्ट फूड पदार्थांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार मॅकडोनाल्ड्सच्या चिकन मॅकनगेट्समध्ये दर १०० ग्रॅममागे अमेरिकेत १.६ ग्रॅम, तर ब्रिटनमध्ये ०.६ ग्रॅम मीठ होते. नाव तेच आणि पदार्थही तोच, पण मीठ अडीचपटीहून अधिक. याचाच अर्थ मीठ कमी करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि सरकारी आग्रह असेल तेथे ते घडू शकते. या अभ्यासात भारताचा समावेश नव्हता. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात दहा किंवा त्याहून अधिक दुकाने असलेल्या साखळ्यांना २०२२ पासून दरफलकावर पदार्थाचे उष्मांक लिहावे लागतात. मिठाचा आकडा मात्र ग्राहकाला शोधावा लागतो.

साखळी आणि हातगाडी

साखळ्यांवर टीका करताना त्यांची जमेची बाजू नाकारता येणार नाही. शीतसाखळीतून येणारे मांस, ठराविक तापमान, नोंदी आणि प्रशिक्षित कर्मचारी या गोष्टी रस्त्यावरील गाडीवर क्वचितच आढळतात. दुसरीकडे तळलेल्या कोंबडीची भारतीय परंपराही समृद्ध आहे. चेन्नईच्या बुहारी हॉटेलशी जोडले गेलेले 'चिकन ६५' देशभर पसरले, तर केरळमध्ये आखाती देशांतून परतलेल्यांनी आणलेल्या ब्रोस्टेड चिकनने आपली बाजारपेठ निर्माण केली. गावोगावच्या गाड्यांवर परवडणाऱ्या दरात मिळणारी तळलेली कोंबडी हाच बहुसंख्यांचा फ्राइड चिकनशी येणारा संबंध आहे.

या दोन जगांना जोडणारा दुवा तेल हाच आहे. मोठ्या उपाहारगृहांतून बाद झालेले तेल स्वस्तात छोट्या विक्रेत्यांकडे जाण्याचा धोका लक्षात घेऊनच प्राधिकरणाने २०१८ मध्ये असे तेल गोळा करून त्यापासून जैवडिझेल बनवण्याची मोहीम हाती घेतली. साखळी आपले जुने तेल कोठे पाठवते, यावर तिच्या ग्राहकाचे नव्हे, तर कोपऱ्यावरच्या गाडीवर खाणाऱ्या मजुराचे आरोग्य अवलंबून असते.

पुढचे पाऊल

डेन्मार्कमध्ये २००१ पासून तपासणीचा निकाल हसऱ्या किंवा नाराज चेहऱ्याच्या चिन्हासह दुकानात लावला जातो. वेल्समध्ये २०१३ पासून स्वच्छतेची श्रेणी दर्शनी भागात लावणे सक्तीचे आहे. भारतातही प्राधिकरणाची स्वच्छता श्रेणी योजना आहे, पण तिचे स्वरूप ऐच्छिक आहे. ज्याचा निकाल चांगला लागेल अशी खात्री असते तोच ऐच्छिक परीक्षेला बसतो.

साखळ्यांसाठी ही श्रेणी दुकानागणिक सक्तीची करणे, तेलाच्या तपासणीचा ताजा आकडा फलकावर लावणे, मिठाचे प्रमाण उष्मांकांशेजारी छापणे आणि प्रतिजैविकांबाबतचे धोरण जाहीर करणे या चार गोष्टींना फार मोठा खर्च येणार नाही. मोजमापाची साधने उपलब्ध आहेत, कायद्याची चौकटही तयार आहे. नियामकाने ही माहिती खुली करायला लावली तर साखळ्यांमधील स्पर्धा जाहिरातींऐवजी दर्जावर होऊ लागेल. तोपर्यंत गर्दीचे दुकान निवडणे, ताज्या घाण्याची वाट पाहणे आणि तेल केव्हा बदलले हे विचारणे, एवढेच ग्राहकाच्या हाती आहे. १९९५ मध्ये बंगळुरूत विचारला गेलेला प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.